पणजी केव्हाची? भिंतीत आणि जमिनीत सापडणारं उत्तर

प्रश्न असा आहे: "गोव्याला सहकुटुंब जाऊन आलो. पणजीत गाइड म्हणाला की हे शहर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी वसवलं. पण जुने गोवे ही त्यांची राजधानी होती, असंही त्यानेच सांगितलं. मग पणजी नक्की केव्हाची? आणि इतकी लहानशी जागा राजधानीला का निवडली?"

मी पणजीतच राहतो. जुन्या घरांची दुरुस्ती आणि जतन हेच माझं तीस वर्षांचं काम. त्यामुळे कागदांइतकंच भिंतीचा गिलावा काढल्यावर आणि जोतं खणल्यावर काय निघतं, त्यावरूनही मी उत्तर देणार आहे.

आधी थेट सांगतो. पोर्तुगीज गोव्यात 1510 ते 1961 अशी 451 वर्षं होते, त्यातली शेवटची फक्त 118 वर्षं पणजी ही त्यांची अधिकृत राजधानी होती. राणी मारिया दुसरी हिच्या 22 मार्च 1843 च्या फर्मानाने पणजीला शहराचा दर्जा मिळाला आणि तिचं नाव 'नोवा गोवा', म्हणजे नवं गोवं, असं ठेवलं गेलं. हे नाव सरकारी कागदांवर आणि टपालाच्या शिक्क्यांवर राहिलं, लोकांच्या तोंडी कधी बसलं नाही. लोक पणजीच म्हणत राहिले. तुमच्या गाइडने सांगितलेला आकडा पोर्तुगीज राजवटीचा आहे, शहराचा नाही.

पण 1843 हेही पूर्ण उत्तर नाही. फर्मान निघालं तेव्हा शहर आधीच उभं होतं. ते कसं उभं राहिलं, हाच यातला खरा भाग.

पणजी मुळात ताळगावचा एक वाडा. मागे आल्तिनोची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, टेकडी, पुढे मांडवीचं मुख, पूर्वेला ओरेमची खाडी, पश्चिमेला सांतिनेजची खाडी, आणि या सगळ्यांच्या मधे भरतीला बुडणारी, सुकतीला चिखल दाखवणारी सखल जमीन. नारळीच्या बागा, खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), कोळ्यांची घरं. या दलदलीत एकच मोठी इमारत होती, ती म्हणजे आदिलशाही वाडा. युसूफ आदिलशहाच्या काळात नदीकाठी बांधलेला हा किल्लेवजा वाडा 1510 मध्ये आफोन्सो दे आल्बुकर्कने घेतला. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षं पणजी म्हणजे काय, तर नदीच्या तोंडावरची चौकी. लिस्बनहून जहाज आलं की आधी इथे थांबायचं. नवा व्हाइसरॉय राजधानीत थाटाने प्रवेश करण्यापूर्वी इथे मुक्काम करायचा. खलाशी सुखरूप पोचल्याबद्दल टेकडीच्या उतारावरच्या चॅपलात आभार मानायचे. ते चॅपल 1541 चं. आज जिथे पायऱ्यांचं पांढरं चर्च दिसतं, तीच ती जागा. चर्च 1619 मध्ये मोठं बांधलं गेलं. ते नागमोडी जिने मात्र खूप नंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. फोटोतली पणजी तेवढ्या जिन्यांमुळे ओळखू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

राजधानी नदीच्या वरच्या अंगाला, नऊ-दहा किलोमीटर आत, जुने गोवे इथे होती. ती का मोडली? इतिहासाच्या पुस्तकांत साथीचे रोग म्हणून एका वाक्यात विषय संपतो. मला त्यामागचं दगडाचं कारण महत्त्वाचं वाटतं. चिरा सच्छिद्र असतो. पाऊस पडला की तो पाणी पितो आणि खाली सोडतो. जुन्या गोव्यात लोकवस्ती दाट, सांडपाण्याची सोय नाही, आणि विहिरी घरांच्या आवारात. मग घाण चिऱ्यातून झिरपून विहिरीत. 1543 मध्ये पटकीची मोठी साथ आली आणि पुढेही साथी येतच राहिल्या. मलेरियाही होता. त्यात 1637 पासून काही वर्षं डचांनी दर मोसमात नदीच्या तोंडाशी जहाजं उभी करून व्यापाराची नाकेबंदी केली. शहर रोगाने आणि रिकाम्या तिजोरीने एकाच वेळी खंगत गेलं.

आणि मराठी वाचकाला जवळचं कारण तिसरं. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवें बेटाचा किल्ला घेतला. हे बेट जुन्या गोव्याच्या अगदी समोर आहे, मधे फक्त नदीचं पात्र. व्हाइसरॉय आल्वोरचा काउंट तिथे उलटा हल्ला करायला गेला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. शेवटी त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून शहर त्याच्या हवाली केलं, अशी हकीकत आहे. त्यानंतर राजधानी हलवायची चर्चा एकदम गंभीर झाली, आणि हलवायची ती पणजीला नव्हे, मुरगावला! उंच पठार, तिन्ही बाजूंनी समुद्र, मराठ्यांना अवघड. कामही सुरू झालं, इमारती उठल्या, पैसा खर्च झाला, आणि शेवटी तो बेत बारगळला. त्या रात्री जुवें पडलं नसतं तर हा विषय इतक्या तातडीने निघाला नसता, असं माझं मत आहे.

व्हाइसरॉय मात्र जुन्या गोव्यातून निघालेच. 1695 मध्ये ते नदीकाठाने थोडे खाली पानेलिमला राहायला आले. तिथेही रोगराईने गाठलं. 1759 मध्ये एगाचा काउंट पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. वाड्याची डागडुजी करून त्याला राजवाड्याचं रूप दिलं गेलं. पणजीची सुरुवात एका तारखेला बांधायचीच असेल तर मी या वर्षाला बांधेन. सत्ताधारी जिथे झोपतो तिथे हळूहळू कचेरी येते, कचेरीमागे कारकून, कारकुनामागे दुकान.

एक गोष्ट त्याआधीच तयार होती आणि तिच्याशिवाय हे जमलं नसतं. पणजी ते रायबंदर हा दगडी कॉजवे, पोन्ते दे लिन्हारेस. लिन्हारेसचा काउंट व्हाइसरॉय असताना 1633-34 मध्ये तो बांधला. लांबी तीन किलोमीटरच्या वर. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मधून चिऱ्याच्या कमानींवर जाणारा सरळ रस्ता. शहर होण्याच्या दोनशे वर्षं आधी शहराचा रस्ता झालेला होता. आजही त्यावरून गाड्या जातात. तुम्ही पणजीहून जुन्या गोव्याला गेला असाल तर बहुधा त्यावरूनच गेला असाल. पुढच्या वेळी सुकतीला खाली उतरून कमानी बघा, वरून त्या दिसत नाहीत.

पोर्तुगालचा तेव्हाचा सर्वेसर्वा पोम्बालचा मार्क्विस याला 1770 च्या दशकात जुनं गोवंच पुन्हा उभं करायचं होतं. तसे हुकूम आले, काम सुरू झालं, मजूर आजारी पडून मरू लागले, आणि तो नादही सुटला. 1787 मध्ये पिंटोंचा कट उघडकीस आला. गोमंतकीय पाद्री आणि लष्करी अधिकारी यांनी पोर्तुगीज सत्ता उलथवायचा बेत केला होता. पुढच्या वर्षी त्यातल्या पंधरा जणांना पणजीत अतिशय क्रूरपणे मारलं गेलं. शिक्षा द्यायची जागाही आता पणजी झाली होती. राजधानीची सगळी कामं इथे होत होती, फक्त नाव यायचं बाकी होतं.

आता दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु. 1826 मध्ये तो गव्हर्नर म्हणून आला, 1835 पर्यंत होता, आणि शेवटचा व्हाइसरॉय हा किताब असलेल्यांपैकी एक. पणजी वसवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं, आणि मला ते योग्य वाटतं. त्याने दलदलीत भर घातली. खाचरं आणि खळगे बुजवले, नदीकाठी धक्का बांधला, सरळ रेषेत रस्ते आखले. आजच्या पणजीचे काटकोनात मिळणारे रस्ते आखले गेले ते तेव्हा. कांपालचा भाग, जिथे आज बाग आणि मैदानं आहेत, तिथेही त्याचीच भर. 1832 मध्ये लष्करी बराकींची ती लांबलचक इमारत झाली, ज्यात आज पोलीस मुख्यालय आणि मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं, आजचं मध्यवर्ती ग्रंथालय. 1834 मध्ये टाकसाळ आली, ती काही वर्षांतच बंदही पडली, पण सां तोमे भागात ती इमारत अजून आहे. 1842 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं. 1843 च्या फर्मानाने या सगळ्यावर फक्त शिक्का मारला.

भर म्हणजे काय ते मला प्रत्यक्ष दिसलं आहे. शहराच्या सखल भागातल्या एका घराच्या कोपऱ्याला तडा गेला होता, म्हणून आम्ही भिंतीच्या पायाशी खड्डा घेतला. वर हातभर चिऱ्याचा चुरा आणि फुटकी कौलं. त्याखाली लाल माती, टेकडीची. त्याखाली काळा, बुळबुळीत चिखल, आणि त्यात तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या, नुकत्या टाकल्यासारख्या. संध्याकाळी भरती आली तेव्हा खड्ड्यात तळातून पाणी चढायला लागलं. नदी त्या घरापासून चांगली तीन-चार रस्ते लांब आहे. माझ्याबरोबरचे गवंडी काका नुसते म्हणाले, "नदी आपली जागा विसरत नाही हो." पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की अठरा जून रस्त्यावर पाणी का तुंबतं, याचं उत्तर त्या खड्ड्यात होतं. गटारांची तोंडं नदीत आणि खाडीत उघडतात. भरतीला नदीची पातळी तोंडाच्या वर गेली की आतलं पाणी आतच राहतं. दों मानुएलच्या वेळी उघडी डबकी आणि खाड्यांची पात्रं हे पाणी झेलत होती. आपण ती बुजवली किंवा अरुंद केली. सांतिनेजच्या खाडीचं आज झालेलं गटार बघून मला फार वाईट वाटतं, कारण तीच पणजीची मोरी आहे आणि तीच तुंबलेली आहे.

भर घालायला माणसं लागली. टोपल्या डोक्यावर घेऊन चिखलात उतरलेली ही माणसं पणजीच्याच तिसवाडी तालुक्यातली असणार. दों मानुएलचं नाव राहिलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठल्या फलकावर वाचायला मिळालेलं नाही.

आणि दगड? दगड जुन्या गोव्याहून आला. 1830 च्या दशकात धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडले, आणि सोडलेल्या इमारतींतले चिरे, खांब, चौकटी होड्यांत भरून नदीने खाली आणल्या गेल्या. सगळ्यात ठळक पुरावा बघायचा असेल तर आझाद मैदानात जा. तिथल्या जुन्या मंडपाचे नक्षीदार खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चचे आहेत. 1847 मध्ये आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी हा मंडप केला होता. मुक्तीनंतर पुतळा हलला, तो आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. चर्चच्या घंटेचीही तीच गोष्ट: पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची, 1871 मध्ये इथे बसवलेली. त्या मठाचा आज एक अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. फोंताईन्हासच्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमधला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झालं, तेव्हा तो आदिलशाही वाड्यातल्या चॅपलात आला आणि 1918 मध्ये, गव्हर्नर काबोच्या राजवाड्यात राहायला गेला तेव्हा, सेंट सेबॅस्टियनमध्ये. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हे लक्ष देऊन पाहा.

घरांच्या भिंतींतही हे सापडतं, फक्त गिलाव्याखाली. एका घरात चुन्याचा गिलावा सुटा करताना चिऱ्यांच्या ओळीत मधेच एक काळा, घडीव दगड निघाला. त्यावर पानाची कोरीव वेल होती आणि ती उलटी बसवलेली होती. गवंड्याला त्या वेलीशी काही कर्तव्य नव्हतं, त्याला मापात बसणारा दगड हवा होता. आम्ही तो हलवला नाही. त्याचा फोटो काढला आणि पुन्हा चुन्याने झाकला.

फोंताईन्हासबद्दल दोन गैरसमज दूर करतो, कारण तुम्हीही तिथे फोटो काढले असणार. पहिला, हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे हे खरं नाही. 1986 मध्ये यादीत गेली ती जुन्या गोव्याची चर्चं आणि मठ. दुसरा, ही वस्ती चारशे वर्षं जुनी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी ही मोझांबिकहून परतलेल्या एका जमीनमालकाची नारळीची बाग होती. टेकडीच्या पायथ्याशी झरा, म्हणून फोंताईन्हास, म्हणजे छोटे झरे. चिऱ्याने प्यालेलं पाणी इथे स्वच्छ बाहेर येतं. जुन्या गोव्याला ज्या दगडाने बुडवलं, त्याच दगडाने पणजीला पाणी पाजलं. गायमुखाचा झराही असाच टेकडीच्या पायथ्याचा. घरं उठली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. घराचं वय पाहायला मी आधी छप्पर बघतो. मंगळुरी कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, त्यामुळे मूळ वासे जुन्या नळीच्या कौलांसाठी आखलेले आणि वर मंगळुरी कौलं असतील तर घर त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी. खिडकीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले असतील तर तेही जुनं काम. रंग मात्र पुरावा नव्हे. दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा पोर्तुगीजांचा नियम होता आणि पांढरा रंग फक्त चर्चला, असं सगळे गाइड सांगतात. मी एवढंच सांगतो की चुन्याचा हात दरवर्षी द्यावाच लागतो, इतका पाऊस इथे पडतो. चुन्यात नीळ किंवा गेरू घातला की रंग. हल्लीचे चकाकते रंग डब्यातले आहेत आणि त्यांच्याखाली चिरा गुदमरतो. सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती आतून ओल्या होताना मी इतक्या पाहिल्या आहेत की कुणी विचारलं तर पहिलं वाक्य हेच सांगतो: चुना वापरा.

हिंदूंचं पणजीतलं स्थानही याच काळात ठरत गेलं. 1818 मध्ये महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली. ही देवी मूळ ताळगावची, छळाच्या काळात मये गावी नेलेली. इतक्या वर्षांनी ती आपल्या गावच्या वाड्यात परत आली तेव्हा तो वाडा शहर होण्याच्या बेतात होता. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना समान हक्क मिळाले, तेव्हा मराठी शाळा आणि वाचनालयं निघाली. फोंताईन्हासमधून जाणारा 31 जानेवारी रस्ता पोर्तो शहरात 1891 मध्ये राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाच्या नावाचा आहे, आणि 18 जून रस्ता 1946 मध्ये मडगावात राममनोहर लोहियांनी केलेल्या सत्याग्रहाच्या नावाचा. दहा मिनिटांच्या अंतरावर दोन देशांचे दोन लढे. मला हे पणजीचं फार आवडतं.

शहर इतकं लहान का राहिलं? रेल्वेमुळे. 1880 च्या दशकात रेल्वे आली ती मुरगाव बंदरातून घाटावर, पणजीला वळसा देऊन. मालाचा व्यापार तिकडे गेला. पणजीकडे राहिल्या कचेऱ्या, शाळा, छापखाने, आणि मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत येणारी आगबोट. आमच्या आधीच्या पिढीची पणजी म्हणजे पहाटेचा तो धक्का. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत माणसं होती 40 हजार. मांडवीवर पूल झाला तोही मुक्तीनंतर. तो 5 जुलै 1986 ला कोसळला आणि काही वर्षं पुन्हा फेरीबोटीवर दिवस काढावे लागले. आज तीन पूल शेजारी शेजारी आहेत. आदिलशाही वाड्यातून विधानसभा 2000 मध्ये नदीपलीकडे पर्वरीला गेली. व्हाइसरॉय, गव्हर्नर, मुख्यमंत्री असं सगळं पाहिलेला तो वाडा अजून जागेवर आहे. शेजारी संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय पाद्री आबे फारियाचा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 मध्ये केलेला पुतळा आहे, तोही चुकवू नका.

पुन्हा आलात तर भरतीची वेळ बघून या. आधी फोंताईन्हासमधल्या फेनिक्सच्या झऱ्यापाशी जा, मग ओरेमच्या खाडीकाठी पाटोच्या छोट्या पुलावर उभे राहा. पाणी पूर्ण चढलं की खाडीसमोरच्या घरांची जोती आणि पाण्याची पातळी यांत किती अंतर उरतं ते नजरेनेच मोजा. मग चर्चच्या दिशेने चालायला लागा. कुठून रस्ता हळूच चढायला लागतो ते पायांना कळतं. तिथपर्यंत तुम्ही भरावावर चालत होता.